कड्यावरून पाहिलेलं स्थळ

मुळशी धरणाच्या पाण्यापलीकडे, डोंगराच्या कुशीत आमचं गाव. सत्तरच्या सुमाराला तिकडं धड रस्ता नव्हता, त्यामुळे येणं-जाणं सगळं लाँचनं. घरामागच्या कड्यावर उभं राहिलं की खालचा धक्का पुरता दिसायचा. बाजाराच्या दिवशी तिथं पाय ठेवायला जागा नसे. तांदळाची पोती, कोंबड्यांच्या पाट्या, सायकली, एखाद्या नवरीचा लोखंडी पलंगसुद्धा. लाँचला गर्दी झाली की होड्या सुटत, आणि भांडणं वाऱ्याबरोबर वर आमच्यापर्यंत ऐकू येत. मला आणि माझ्या वहिनीला ते बघायचा नादच होता. शेण्या थापायच्या निमित्तानं आम्ही कड्यावर जायचो आणि शेण्या थापायच्याच राहायच्या.

मी विशीला टेकले तेव्हा माण गावचं एक स्थळ सांगून आलं. पाहुणे नेमके बाजाराच्या दिवशी यायचे होते. आईनं मला नवं लुगडं नेसवून आत बसवलं. तेवढ्यात लाँचचा भोंगा ऐकू आला. वहिनी हळूच म्हणाली, "ते तुला बघणार, मग आधी आपण त्यांना बघू की." मागच्या दारानं आम्ही कडा गाठला.

खाली धक्क्यावर उतरणारे आणि चढणारे लाँचला लावलेल्या एकाच फळीवर अडकले होते. पाहुणे ओळखू आले. फेटा बांधलेला एक म्हातारा, टोपीतला एक मामा, आणि पांढरीशुभ्र पँट घातलेला मुलगा. तेवढ्यात बाजाराला निघालेल्या एका म्हातारीची शेळी रेटारेटीत फळीवरून पाण्यात पडली. म्हातारी ओरडली, लोक हसले. पांढऱ्या पँटवाल्यानं मनगटावरचं घड्याळ काढून मामाच्या हातात दिलं आणि सरळ पाण्यात उतरला. शेळीनं त्याला दोनदा आडवा केला. दोरी धरून तो वर आला तेव्हा गळ्यापर्यंत चिखलानं माखला होता. म्हातारीनं शेळीला कुरवाळलं, त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तो आपला एकटाच हसत होता. मामानं मात्र कपाळाला हात लावला.

पाहुणे घरी आले ते उशिरा. मुलगा कुणाच्या तरी लुंगीत. लाँचवर पाणी उडालं, असं मामांनी गंभीरपणे सांगितलं आणि माझ्या वडिलांनी, आबांनीही गंभीरपणे मान हलवली. मी चहा घेऊन गेले. स्वयंपाक येतो का, शाळा किती झाली, सगळं विचारून झालं. मग फेट्यावाले आजोबा सहज म्हणाले, पोरीला काही विचारायचं असेल तर विचारू द्या. असं म्हटलं तरी कुठली पोर खरोखर विचारत नसते. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "शेळीला लागलं न्हाई ना?"

 मुलानं पहिल्यांदा मान वर केली.

"न्हाई. गेली बाजाराला," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तुमी बघितलं व्हय?"

दाराआड वहिनीला हसू आवरेना.

पाहुणे गेल्यावर आबा माझ्यावर लई तापले. पोर आगाऊ आहे म्हणून आता चार गावांत बोभाटा होणार, असं त्यांचं म्हणणं. आईनं तर स्थळ गेलंच असं धरून नवं लुगडं घडी करून ठेवलं. मला वाईट वाटत होतं, पण ते बोलल्याचं नाही. चिखलातला तो हसरा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. पुढच्या बाजाराला लाँचवरून निरोप आला, मुलगी पसंत आहे. मामांचा विरोध होता म्हणे, पण आजोबांनी ऐकलं नाही.

लग्न होऊन मी माणला गेले. तिथं चहूकडं शेतं, पाणी फक्त विहिरीत. पहिल्याच उन्हाळ्यात मी त्या विहिरीत सूर मारला आणि यांनाही बोलावलं. हे काठावरच उभे. मला पोहता येत न्हाई, म्हणाले.

मी पाण्यातून बघतच राहिले. मग त्या दिवाळीपर्यंत, यांच्या पाठीला वाळका भोपळा बांधून, मीच यांना पोहायला शिकवलं.