शिक्का आमचाच होता

ठाणेदार म्हणून निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण सेक्टर २ मधल्या पाळणाघराचं प्रकरण अजून मनातून जात नाही.

सकाळची हजेरी चालू असताना एक विधवा बाई ठाण्यात आल्या. मूळच्या अमरावतीकडच्या. त्यांच्या मुलाला नोकरीत मिळालेल्या क्वार्टरमध्ये त्या नोकरदारांची लेकरं सांभाळायच्या. त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यावर आमच्याच ठाण्याची सूचना: या पाळणाघरात मुलांना झोपेचं औषध देतात, पालकांनी सावध राहावं. खाली शिक्का आणि माझी सही. अशी सूचना मी काढलीच नव्हती. पण ती व्हॉट्सॲपवर फिरली आणि एका दिवसात सगळी मुलं पालकांनी नेली.

गुन्हा नोंदवला. सूचनेवरचा जावक क्रमांक रजिस्टरशी ताडला, तर तो भाडेकरूंबद्दलच्या आमच्या जुन्या सूचनेचा. कोणीतरी मजकूर तेवढा बदलला होता. मग ज्याला-त्याला एकच प्रश्न: तुम्हाला कोणी पाठवली? कोणाला आठवेना, कोणी मेसेज पुसून टाकलेला. चौथ्या दिवशी माग त्याच गल्लीतल्या एका निवृत्त हेडक्लार्कपाशी थांबला. जप्त केलेल्या मोबाइलमध्ये त्या जुन्या सूचनेचा मूळ फोटोही सापडला.

वैर काही नव्हतं. पाळणाघरातून आल्यावर नातू फार झोपतो, एवढाच संशय. डॉक्टरला दाखवलं का, असं मी विचारलं. त्यावर म्हणाले, "मी सांगतलं तर कोन आयकते, साहेब? ठाण्याचा शिक्का दिसला का सारे आयकतात."

पंचांसमोर पाळणाघराची झडती घेतली, औषध मिळालं नाही. नातवाला डॉक्टरकडे तपासून घेतलं, तर अंगात रक्त कमी निघालं; झोप त्यानेच येत होती.

पाळणाघराबद्दलची सूचना खोटी असल्याचं मी लेखी कळवलं. शिक्का तोच, सही तीच. व्हॉट्सॲपवर लोकांनी त्याखाली लिहिलं, पोलिसांनी पैसे खाल्ले. माझ्या बायकोनेही विचारलं, "खरं काय, ते मले तरी सांगा."

आरोपपत्र दाखल झालं. एकही मूल परत आलं नाही. गाव सोडण्याआधी बाई ठाण्यात आल्या. आभार मानायला आल्या असतील, असं समजून मी चहा मागवला.

"तुमचा दुसरा कागद कोनी वाचूनच नाही राहिलं, साहेब," एवढंच बोलल्या. चहा घेतला नाही.

आरोपी सापडला की तपास संपतो, असं आम्हाला शिकवलं होतं. लोक ठाण्याचं ऐकतात, या समजुतीवर मी सारी नोकरी केली. लोकांनी त्यांच्या मनातल्या संशयाचं ऐकलं. माझी सही त्यांना तेवढ्यापुरतीच हवी होती.