रितिकाचे साठ रुपये

प्रीतम गजभियेला कंपनीच्या बसमध्ये सगळे 'कॅशियर' म्हणायचे. खरं तर तो हिंगण्याच्या एमआयडीसीत, पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात मशीन चालवायचा. पण चहावाल्याला दहाची नोट देतानासुद्धा तो ती बोटांत चोळून बघायचा, दुसरी चिकटून तर आली नाही ना म्हणून. फोनवरून पैसे पाठवले की समोरच्याला दोनदा विचारायचा, "आले ना गा?" मित्र हसायचे. तोही हसायचा, आणि खिशावर हात ठेवूनच बसमधून उतरायचा.

यामागची गोष्ट त्याने लग्नानंतर चार-पाच वर्षांनी कधीतरी बायकोला, भावनाला सांगितली होती. पारशिवनीजवळच्या एका खेड्यात त्याचं लहानपण गेलं. वडील नत्थूजी वनखात्याच्या लाकूड डेपोत रोजंदारीवर होते. प्रीतम नऊ वर्षांचा असताना त्यांनी एकदा त्याला वीसची नोट देऊन तेल आणायला पाठवलं. वाटेत पोट्टे गिल्ली-दांडू खेळत होते. प्रीतम दोन डाव खेळला आणि दुकानात पोचला तेव्हा खिसा रिकामा. घरी जायची हिंमत झाली नाही. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगामागे अंग चोरून बसून राहिला. दिवेलागणीला नत्थूजींनी त्याला शोधून काढलं आणि त्याच ढिगातली एक काडी उपसून असं झोडपलं की शेजारच्या बाईने मध्ये पडून सोडवावं लागलं. वळ आठ दिवसांत गेले. धाक मात्र गेला नाही.

म्हणूनच आपल्या मुलीच्या, रितिकाच्या हातात त्याने कधी पैसे दिले नव्हते. ती चौथीत गेली तरी समोरच्या रुपरावजींच्या किराणा दुकानातून साधं दूध आणायचं तर तो स्वतः जायचा. पैसेच नाहीत तर हरवतील कुठून, आणि हरवलेच नाहीत तर कोणी कोणाला मारेल कशाला, असा त्याचा साधा हिशोब होता.

भावना रामदासपेठेतल्या एका खासगी दवाखान्यात बिलाच्या काउंटरवर बसायची. जानेवारीतल्या एका दुपारी तिच्यासमोर एक बाई आली. पंचेचाळिशीची, नीटनेटकी साडी, नवरा वरच्या मजल्यावर, पाय मोडलेला. भावनाने बिलाचा आकडा सांगितला तशी त्या बाईने पर्स उघडून काचेच्या फटीतून तिच्यापुढे सरकवली.

"ताई, तुम्हीच काढून घ्या यातून. मले नाही समजत. आजवर हेच पाहत होते सगळं."

भावनाने पैसे काढले, तिच्यासमोर मोजले, उरलेले परत ठेवले. बाईने पर्सकडे बघितलंसुद्धा नाही. त्या दिवशी घरी, जयताळ्याला येईपर्यंत भावनाच्या डोळ्यांसमोरून ती उघडी पर्स हलली नाही.

रात्रीच्या जेवणाला तिने जाहीर केलं, "या रविवारपासून रितिकाले आठवड्याचे साठ रुपये. तिचे. काय करायचं ते तिनं ठरवायचं."

प्रीतमचा घास हातातच राहिला. "नऊ वर्षांच्या पोट्टीच्या हातात साठ रुपये? काहून?"

"हरवायला," भावना म्हणाली. "उडवायला, फसायला. साठ रुपयांत फसली तर फसली. पुढं साठ हजारांत फसण्यापेक्षा बरं."

"अन मंग संपले की?"

"संपले की संपले. पुढच्या रविवारपर्यंत तुम्ही खिशात हात घालायचा नाही. वह्या-पेन्सिली आपल्या, बाकीचे लाड तिच्या पैशातून."

रितिका एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत होती. तिला वाटलं थट्टा चालली आहे. रविवारी खरोखर पन्नासची आणि दहाची अशा दोन नोटा हातावर पडल्या तेव्हा ती धावतच सुटली आणि पंधरा मिनिटांत सगळे पैसे संपवून आली. खेळायच्या चिकट, हिरव्यागार स्लाइमची डबी. सोमवारी संध्याकाळपर्यंत ते स्लाइम वाळून खडा झालं होतं.

बुधवारी गल्लीत पाणीपुरीची गाडी घेऊन गुपचूपवाला आला. खालच्या मुली प्लेट घेऊन उभ्या. रितिका गॅलरीच्या कठड्याला लटकून बघत होती. "पप्पा, फक्त वीस रुपये."

प्रीतमचा हात खिशाकडे गेला. स्वयंपाकघराच्या दारातून भावना बघत होती. हात परत आला. "रविवारी, बेटा," तो कसाबसा म्हणाला. रितिका पाय आपटत आत गेली. गुपचूपवाल्याची घंटी गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत प्रीतमला टीव्हीवर काय चाललंय ते कळलं नाही. मशीनवर बारा तास उभं राहणं परवडलं, असं त्याला वाटलं.

पण पुढच्या रविवारी रितिका लगेच पळाली नाही. नोटा पलंगावर ठेवून बसून राहिली. मग चौकातल्या खेळाच्या दुकानात नुसती किंमत विचारून आली. बॅडमिंटनच्या रॅकेटची जोडी, दोनशे ऐंशी. आठवड्याला वीस खायला, चाळीस ठेवायचे, असं तिने आपलं आपणच ठरवलं आणि वहीच्या मागच्या पानावर चाळीसचा पाढा लिहून सात आठवड्यांचा हिशोब काढला.

एकदा रुपरावजींनी एक रुपया सुट्टा नाही म्हणून तिच्या हातावर गोळी ठेवली. रितिकाने ती परत काउंटरवर ठेवली.

"काका, मले गोळी नको. रुपया द्या."

"अगं, रुपयाची गोळीच तर देऊन राहिलो."

"मंग पुढच्या वेळी मी तुम्हाले गोळीच देईन, चालते का?"

रुपरावजींनी गल्ला उपसून रुपया दिला आणि संध्याकाळी प्रीतमला थांबवून सगळी हकिकत सांगितली. "पोट्टी वकील होते तुही," ते म्हणाले. प्रीतम वर आला तो हसत हसत. आपण आयुष्यात कधी कोणाकडे एक रुपया असा मागितला होता का, हे त्याला आठवेना.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पैसे पुरे झाले. रितिकाने सुट्ट्या नोटा रुपरावजींकडे देऊन त्यातल्या दोनशेची एक कोरी नोट करून घेतली. बाकी ऐंशी सुटे. तो शनिवार होता. प्रीतम पहिली पाळी करून घरी आलेला, भावना ड्युटीवर. साडेचारला रितिका खांद्याला कापडी पाकीट अडकवून निघाली. चौक काही लांब नव्हता. ट्यूशनला ती रोज त्याच वाटेने जायची.

"अर्ध्या तासात येजो," प्रीतमने सांगितलं.

पाच वाजले. सव्वापाच झाले. साडेपाचला प्रीतम चपला घालून खाली उतरला आणि मोठ्या रस्त्याने थेट चौकात गेला.

खेळाच्या दुकानातला माणूस म्हणाला, "आली होती ना. रॅकेट काढून ठेवली मी. तिनं पाकीट उलटं केलं, झटकलं. दहा-वीसच्या नोटा निघाल्या, पण दोनशेची म्हणे नाही. तोंड एवढंसं झालं तिचं. मी म्हटलं राहू दे, उद्या ये. तर न बोलता निघून गेली."

"किती वेळ झाला?"

"झाला असन पाऊण तास."

पाऊण तास. पैसे हरवले म्हणून पोरगी घरी आली नाही. याचा अर्थ त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती कुठेतरी लपून बसली होती. आणि लपली होती ती त्याच्यापासून.

अशा वेळी पोर कुठे बसतं ते त्याला ठाऊक होतं. मोठ्या रस्त्यावर नाही. जिथे पाठ टेकता येते आणि समोरचं दिसतं, तिथे. त्याने बुद्धविहाराची मागची भिंत पाहिली. अर्धवट बांधलेल्या इमारतीत शिरून विटांच्या ढिगांमागे पाहिलं, हाका मारल्या. पाण्याच्या टाकीखाली एक कुत्री पिल्लं घेऊन बसली होती, बाकी कोणी नव्हतं. आपण तिच्यावर कधी हात उगारला होता का, हे तो आठवू लागला. नव्हता उगारला. पण आवाज? मागच्या पावसाळ्यात छत्री विसरून आली तेव्हा आपण कसे ओरडलो होतो? त्या दिवशी तिने आपल्या तोंडाकडे बघितलं तेव्हा तिला काय दिसलं असेल? नत्थूजीच दिसले असतील, तर?

त्याने भावनाला फोन लावला. "रितिका नाही सापडून राहिली," एवढंच म्हणाला.

"निघाली मी," भावना म्हणाली. "ट्यूशनची गल्ली पाहिली का?"

पाहिली नव्हती. तिथे लपायला जागाच नव्हती, दोन्हीकडे दुकानं आणि उघडी रहदारी. तरी तो धावला.

गल्लीच्या मध्यावर, भाजीच्या हातठेल्यापाशी रितिका उभी होती. वेणी सुटलेली, गुडघ्यांना धूळ. भाजीवालीशी बोलत होती. "मावशी, दोनशेची नोट पडलेली दिसली का? नवी होती. घडी नव्हती केलेली." भाजीवालीने मान हलवली. रितिका पुढच्या पंक्चरवाल्याकडे वळली, तेवढ्यात तिला बाप दिसला.

प्रीतम जागच्या जागी थांबला. आता ती मागे सरकेल, असं त्याला वाटलं.

ती धावत आली, थेट त्याच्या अंगावर.

"पप्पा, बरं झालं आले तुम्ही! माही नोट पडली. मी दोनदा पाहिलं पूर्ण रस्त्यानं. तुम्ही नालीकडून पहा, मी इकडून पाहते."

प्रीतम तिथेच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला. त्याने तिला जवळ ओढलं आणि तोंड तिच्या खांद्यावर टेकवलं. त्याला हुंदका आवरेना. पंक्चरवाला हातातली ट्यूब तशीच धरून बघत राहिला.

रितिका गांगरली. "तुम्ही काहून रडून राहिले? पैसे तर माहे गेले."

"हो," प्रीतम म्हणाला. "तुहेच गेले." आणि रडता रडताच त्याला हसू फुटलं.

"घरी यायले भ्याली तर नव्हती ना?" त्याने विचारलं.

"कशाले? घरी आली असती तर नोट दुसऱ्या कोणाले सापडली असती ना!"

मग दोघांनी नोट शोधली. तो नालीच्या कडेने, ती दुकानांच्या कडेने, रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत. भावना ऑटोतून उतरली तेव्हा बापलेक खाली वाकून एका दुकानाबाहेरच्या खाटेखाली बघत होते. तिने दोघांना बघितलं, ऑटोवाल्याला पैसे दिले आणि काही न विचारता तीही वाकली. नोट सापडली नाही.

घरी येताना रितिकाने बापाचं बोट धरून हळूच विचारलं, "तुम्ही द्याल का दोनशे? फक्त या वेळी?"

प्रीतमच्या खिशात पाचशेची नोट होती. द्यावीशी त्याला फार वाटली. त्या घटकेला तिच्यासाठी त्याने अख्खं दुकान आणून दिलं असतं. "नाही बेटा," तो म्हणाला. आवाज चढला नाही, कापलाही नाही. "ऐंशी आहेत ना तुह्याजवळ. पुन्हा जमव."

तेव्हा कुठे रितिका रडली. भोकाड पसरून, जिना चढेपर्यंत, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं. वर येऊन हातपाय धुतले, दोन पोळ्या आणि वांग्याची भाजी खाल्ली आणि उशीत तोंड खुपसून झोपली. प्रीतम आणि भावना कितीतरी वेळ तिच्या बाजूला बसून होते. भावनाने विचारलं, "काय झालं तुम्हाले तिथं?" त्याने सांगितलं. ती त्याचा हात धरून बसली.

मार्चअखेर नत्थूजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. रितिकाने त्यांना नोट हरवल्याची गोष्ट रंगवून सांगितली, कोणकोणत्या दुकानात विचारलं त्यासकट.

"मंग?" नत्थूजींनी विचारलं. "बापानं मारलं असन तुले."

"नाई! पप्पा तर स्वतःच रडले."

रितिका खेळायला खाली गेली. प्रीतम चहा घेऊन आला तेव्हा नत्थूजींनी कप घेतला आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "तवा माह्याजवळ दुसरे वीस रुपये नव्हते गा. मजुरीचा हप्ता व्हायचा होता."

प्रीतमला वाटलं नव्हतं की त्यांच्या लक्षात असेल.

"समजलं होतं मले, बाबा. मोठा झाल्यावर समजलं."

"तुले समजलं असन. मी बोललो नव्हतो ना कधी." नत्थूजींनी चहाचा घोट घेतला. "तुले मारल्यावर मी गेलो होतो नोट शोधाले. शाळेपर्यंत. नाही भेटली."

प्रीतम त्यांच्या शेजारी जमिनीवर बसला. खाली मुलींचा आरडाओरडा चालला होता.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी रितिका रॅकेटची जोडी घेऊन आली. या खेपेला पैसे पाकिटाच्या आतल्या कप्प्यात, वरून सेफ्टीपिन लावून नेले होते. सगळ्यांनी रॅकेट हातात घेऊन पाहिल्या. नत्थूजींनी जाळी वाजवून पाहिली. मग भावनाने विचारलं, "अन शटल?"

रितिकाचा चेहरा उतरला. शटल वेगळं मिळतं, हे तिच्या ध्यानातच नव्हतं आलं. तिने पाकीट उघडून बघितलं. वीस रुपये.

"पुढच्या रविवारी," ती स्वतःलाच म्हणाली.

प्रीतमने आत जाऊन आपला एक जुना मोजा आणला, त्यात दुसरा कोंबून त्याची गाठ मारली आणि बापलेक गच्चीवर गेले. उन्हं कलली होती. मोज्याचा गोळा धड उडत नव्हता, दर दोन फटक्यांनी खाली पडत होता, आणि दर वेळी उचलायला प्रीतमच धावत होता.