बाबांचे बावीस किलोमीटर

त्या संध्याकाळी बाबांच्या मेसेजमध्ये टाचेची तक्रार नव्हती. नुसतं 'ठीक आहे'. बाकी काही नाही.

तुम्ही म्हणाल, बरंच आहे की, टाच बरी झाली असेल! पण मी कुकरच्या शिट्टीलाही दचकणारी मुलगी. रोज टाचेचं रडगाणं गाणारा माणूस एकदम गप्प कसा? तेव्हाच फोन लावायला हवा होता. मी काय केलं, ते सांगायची लाज वाटते. पण तुमच्यापासून काय लपवायचं? ऐका.

बाबा रिटायर झाले आणि महिन्याभरात त्यांनी जाहीर केलं, मुलुंडहून गावाला चालत जाणार. गाव मालवणच्या पुढे! "आजोबा बोटीने आले, मी जन्मभर एसटीत झोपून गेलो. मधला मुलूख बघितला कोणी?"

"गुडघ्यांना विचारलंत का?" आई म्हणाली.

गुडघ्यांना कोण विचारतो?

आता चालणार बाबा, पण रात्री त्यांनी पाठ कुठे टेकायची ते बघायचं मी. अंधेरीच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, एका हातात पोळीची गुंडाळी धरून मी अनोळखी गावांत फोन लावायची.

"नमस्कार, माझे वडील उद्या चालत येतायत. शाळेच्या पडवीत एक रात्र झोपले तर चालेल का?"

"चालत? का हो? गाडी चुकली?"

रोज हेच. शिवाय त्यांचा रिचार्ज, मोज्यांचं कुरिअर, आईचं बीपी. आणि 'पायी गावाला' नावाचा ग्रुप! त्यात साठ जण. नातेवाईक, सोसायटीवाले, बाबांचे जुने मित्र कांजूरमार्गचे दिनूकाका, सगळे. संध्याकाळी सात वाजले की सुरू. आज किती झाले? कुठे पोचले? फोटो कुठाय?

बाबांकडून मला काय यायचं? 'ठीक आहे, टाच दुखते.'

"एवढंच?" आई विचारायची. "जेवले काय, वाटेत काय बघितलं, काहीच नाही?"

तिचा चेहरा बघवेना. म्हणून ग्रुपवर बाबांचा निरोप टाकताना मी पदरची एक ओळ घातली. 'आज खाडीचं पाणी निवांत होतं.' एकच ओळ हो!

दहा मिनिटांत घाटकोपरच्या आत्याचा फोन. रडत होती. "गो, माझो भाव असा लिवता? साठ वर्सां माका पत्तोच नाय!"

झालं, लागली माझी वाट. दुसऱ्या दिवशी तांदळाची भाकरी आली. तिसऱ्या दिवशी बाबांना ताक देणारी एक म्हातारी. मग किलोमीटर. सोसायटीच्या सेक्रेटरींनी बाबांचे निरोप नोटीस बोर्डावर लावायला सुरुवात केली, पाण्याच्या वेळापत्रकाच्या वर. सत्कारही ठरवला. आणि मी? ऑफिसातून आल्यावर कोमट पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसायची. दिवसभर खुर्चीत बसलेली मी! एकदा आईने बघितलं आणि गरम पाण्याचा तांब्या आणून आणखी ओतलं.

टाच गप्प झाल्यावर पाच दिवस नुसतं 'ठीक आहे' आलं. सहाव्या दिवशी तेही नाही.

खरं सांगू? आधी मला हायसंच वाटलं. खऱ्या बाबांना टाच होती, गोळ्या होत्या, उद्याची पडवी लागत होती. मी लिहिलेले बाबा कुठेही झोपायचे, काही मागायचे नाहीत. मला तेच जास्त आवडायला लागले होते. हे असं काही आपल्या मनात येतं, याचीसुद्धा भीती वाटते हो.

सात वाजले होते, ग्रुप खोळंबला होता. मी लिहिलं, 'आज बावीस किलोमीटर. जेवणात बांगडा.' अंगठ्यांचा नुसता पाऊस!

दुसऱ्या दिवशीही मेसेज नाही. फोन बंद. आई समोर बसून माझ्याकडे बघत होती, म्हणून घातले आणखी वीस किलोमीटर. तिसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, मात्र मला राहवेना. ज्या शाळेत सोय लावली होती तिथल्या गुरुजींना फोन केला.

"ते आलेच नाहीत, ताई."

त्याच्या आधीचं गाव. "नाय बा." त्याच्याही आधीचं. "कोण चालत?" बाबा गेले त्या वाटेने मी फोनवरून उलटी चालत होते. शेवटी चिपळूणच्या पुढच्या एका देवळातले गुरव सापडले.

"ते होय! गुडघा भोपळ्याएवढा झाला होता त्यांचा. मीच मुंबईच्या एसटीत बसवलं."

"कधी?"

"झाले की आठ दिवस."

आठ दिवस! आणि ग्रुपवर माझे बाबा राजापूर ओलांडून बांगडा खात होते!

"काय गं? पांढरी का पडलीस?" आई.

"काही नाही. बाबांना आज जरा चढ लागलाय."

बघा! तरी मी थांबले नाही!

मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. मुंबईच्या एसटीत बसलेला माणूस घरी आला नाही, तर गेला कुठे? चौकीत जायचं तर सांगायचं काय? कालपर्यंत ठणठणीत होते साहेब, हा बघा पुरावा, मीच लिहिलाय? साठ जणांत कोणाला खरं सांगावं? दिनूकाका तेवढे ओरडणार नाहीत, सोबत येतील. लावला फोन. वाजतोय, वाजतोय. आधी माफी मागू की आधी रडू?

फोन उचलला गेला. मग एक खोकला. जन्मापासून ऐकलेला.

"बाबा?"

"अरे, माझा फोन कशाला उचललास?" पलीकडून दिनूकाका ओरडले.

बाबा एकदम बारीक आवाजात म्हणाले, "घरी कुठल्या तोंडाने येणार? इथे दिनूच्या फोनवर ग्रुप वाचला. म्हटलं, मी न चालता पण वीस-बावीस किलोमीटर होतायत, मग मेसेज करून बोटं कशाला दुखवा?" मग हळूच विचारलं, "काय गो, आज किती चाललो मी?"