हळदीचं बोट

“आपण रक्त तपासतो, लग्नं जुळवत नाही,” नवरदेवाचंही रक्त पाहू असं मी म्हटल्यावर सर म्हणाले. तोवर विक्रोळीत जुबेदाच्या लग्नाची हळद भिजली होती.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. आमची लॅब घाटकोपरला; सर प्रमुख, मी त्यांची मदतनीस. कोकण किनाऱ्यावरच्या सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. तिकडे सर्रास दिसणारा रक्ताचा एक आजार मुंबईत आलेल्या सिद्दी घरांत किती आहे, ते सरांना पाहायचं होतं. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि सांधे ठणकून पोर कळवळतं. दोष आई-वडील दोघांकडून आला तर आजार. एकाकडूनच आला तर माणूस ठणठणीत, फक्त तो दोष पुढे देऊ शकतो.

जुबेदाच्या धाकट्या भावाला हा आजार होता. तिच्या रक्तात एकेरी दोष निघाला. लग्न ठरलं होतं मामेभावाशी, युसुफशी. त्याच्याही रक्तात तो असला, तर मुलांना मामाचं दुखणं होण्याची भीती. मी तिला हे सगळं समजावलं. ती रडली नाही.

“भावाचं कळवळणं मी रोज ऐकते, बाई. युसुफचं रक्त बघा. वाकडं निघालं तर ही हळद मी धुऊन टाकेन.”

हळदीच्या दिवशी नवरदेवाचं रक्त काढायचं म्हटल्यावर युसुफची आई उखडली. युसुफ मात्र गुणी. पाण्याच्या पिंपाआड येऊन त्यानं गुपचूप बोट पुढे केलं. मी ते स्पिरिटनं पुसलं, टोचलं, थेंब काचेवर घेतला, वर पातळ काच ठेवली आणि हवा लागू नये म्हणून कडेनं व्हॅसलीन लावलं; हवा तुटली की एकेरी दोषाच्या पेशीही वाकतात.

लॅबमध्ये पाहिलं तर पेशी वेड्यावाकड्या. ती पोर मला फार आवडायची. तिला कोणत्या तोंडानं सांगणार?

सरांनी मला बाजूला सारून सूक्ष्मदर्शकात पाहिलं. “हे विळे नाहीत. पेशी आक्रसून त्यांना काटे आलेत. बोटाला काय होतं?”

“हळद.”

“आणि ओल्या स्पिरिटवरच टोचलंस. उद्या त्याची आंघोळ झाली की कानाच्या पाळीतून घे. जागा कोरडी होऊ दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले, तर लग्नं न जुळवणारे सर सूक्ष्मदर्शक टॉवेलात गुंडाळून दारात उभे. निकाहाआधी शेजाऱ्याच्या खोलीत युसुफचा कान टोचला. वाट पाहताना जुबेदा दाराला टेकून होती.

सरांनी बराच वेळ डोळा हलवला नाही. मग म्हणाले, “सगळ्या गोल आहेत, पोरी. तुझ्या मुलांना हे दुखणं व्हायचं नाही.” तेव्हा कुठे ती रडली. सर काचा पुसत बसले.

पुढे माझी सगळी नोकरी याच आजारामागे पूर्व आफ्रिकेत गेली. तिथेही बोटांना कधी पीठ, कधी मासळी, कधी माती. मी कानच टोचत आले. माणसाची बोटं कामात असतात, कान मोकळे असतात.