वरच्या मजल्यावरचे सेल

वरच्या मजल्यावरच्या भाऊंना झटका आला, त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या ह्यांना. दोघं चाकणच्या एकाच कंपनीत, एकाच बसने जाणारे. दोघांचीही उजवी बाजू गेली. इथवर आमचं बरोबरीत होतं. मग भाऊंनी कुठल्याशा हॉस्पिटलात स्टेम सेल घेतले आणि काठी टेकत चिखलीच्या आमच्या सोसायटीत फेऱ्या मारू लागले.

सासूबाई कुरुळी गावच्या. त्यांनी विचारलं, "घड्याळात टाकत्यात तसलं सेल टाकलं व्हय गं त्याला?" मी म्हटलं, "नाही हो, या पेशी असतात. माणसाच्याच हाडातल्या मगजातून काढून परत देतात."

"मग आपल्याला काय हाडं न्हाईत?"

आमचे डॉक्टर म्हणाले, हे उपचार अजून प्रयोगाच्याच पातळीवर आहेत; भाऊंना गुण सेलने आला की व्यायामाने, सांगता येणार नाही. तुम्ही हाताचा व्यायाम सोडू नका, नाहीतर हात कायमचा आखडेल. ह्यांनी त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं. व्यायामाला बसवलं की म्हणायचे, "सेल टाकल्यावर बघू." जिभेचं काही बिघडलं नव्हतं, दुर्दैवाने. हात नुसता मांडीवर पडलेला. बोटं उघडेनाशी झाली.

आणि खिडकीखाली रोज भाऊंची काठी. टक टक. देवापुढे बसले तरी माझे कान तिकडेच. दुसऱ्याचं चांगलं झालेलं ज्यांना बघवत नाही म्हणतात ना, त्यातली मी.

एकदा विरजण मागायला वर गेले, तर भाऊ परात घेऊन कणीक मळत बसलेले. उजव्या हाताने, घामाघूम होऊन. "रोज हेच मळतात, वहिनी," त्यांची बायको म्हणाली. "पोळ्या होतात वातड, पण फिजिओथेरपीवाल्या बाईंनी सांगितलंय ना." मी हसले, पण आतून नुसती जळत होते. सेलचा एवढा हेवा नव्हता वाटला. नवरा ऐकतो, याचा वाटला.

खाली आले ती तणतणतच. परात ह्यांच्यापुढे आदळली, पीठ ओतलं, पाणी घातलं आणि ह्यांचा उजवा हात धरून त्यात ठेवला. "मळा."

"अगं, सेल टाकल्यावर..."

"सेल गेले खड्ड्यात! वरचे भाऊ रोज मळतात."

भाऊंचं नाव निघताच ह्यांचं तोंड लालबुंद झालं. "मग जा वर, त्याच्याच पोळ्या खा!" असं ओरडून त्यांनी परात ढकलून दिली. फरशीभर पीठ झालं. सासूबाई आतून धावत आल्या.

परात ढकलली होती ती उजव्या हाताने.

आम्ही तिघंही त्या हाताकडे बघत राहिलो. बोटं पिठाने माखली होती. सासूबाई रडायला लागल्या. मलाही रडू यायला हवं होतं. पण माझ्या मनात पहिलं आलं ते एवढंच, की आत्ताच्या आत्ता वर जाऊन भाऊंच्या बायकोला सांगितलं पाहिजे.