गुलाबी फीत बांधलेलं झाड

अरुणाकाकूंबद्दल लिहायचं तर झाडापासूनच सुरू करावं लागेल, कारण इथे टोकियोजवळच्या ग्योतोकुत काकूंना भेटायचं म्हणजे आधी बागेतल्या त्या झाडापाशी बघायचं, तिथे नसतील तर मग घरी.

आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतात त्या. पुण्यात शाळेत चित्रकला शिकवायच्या. हेमचंद्रकाकांना इथे सॉफ्टवेअरमधली नोकरी मिळाली म्हणून सगळं सोडून आल्या, आणि मग कंपनीने काकांनाच नागोयाला पाठवलं. आता ते अधूनमधून शनिवारी येतात, झोपतात, जातात. मुलगा पार्थ हायस्कूलला आहे. "जेवलास का रे?" विचारलं की तो जपानीत "नंतर" म्हणतो आणि दार लावून घेतो. काकू स्टेशनजवळच्या कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, पार्टटाइम करतात, दार उघडलं की "या, या" असं जपानीत ओरडायचं, हसायचं, पिशवी हवी का विचारायचं. "दिवसभर एवढ्या लोकांना या या म्हणते गं," त्या मला एकदा म्हणाल्या, "त्यातलं एकही घरी येत नाही."

मी हसले होते तेव्हा. विनोदच वाटला मला.

झाड केयाकीचं, इकडचाच एक वृक्ष. वडासारखं अजिबात दिसत नाही, पारंब्या नाहीत, काही नाही. पण जाडजूड आहे आणि वाटेत आहे, म्हणून काकूंनी पहिल्याच वर्षी त्यालाच वड मानून टाकलं. सुट्टी असली की खोडावर पातळ कागद धरायचा आणि पार्थच्या लहानपणीच्या क्रेयॉननी घासत बसायचं. साल जशीच्या तशी कागदावर उतरते, भेगा, खवले, सगळं. घरभर असे कागद लावलेत. एकदा माझ्यासमोर स्वतःचा हात कागदाशेजारी धरला, भांडी घासून घासून कोरडा पडलेला.

"बघ. बहिणी वाटतो की नाही?"

"काकू, तुमचं काहीतरीच."

"मग काय, सख्खी मुंबईत आहे, तिचा फोन दिवाळीला येतो. ही रोज असते."

पहिल्या वटपौर्णिमेला त्यांनी रीतसर दोरा गुंडाळला होता. कोणीतरी कळवलं, बागेची माणसं आली, खूप वेळा वाकून माफी मागत दोरा सोडवला आणि पिशवीत घालून परत दिला. आणि जाता जाता वर हेही सांगितलं, हा जळणाऱ्या कचऱ्यात टाकायचा! तेव्हापासून काकू दोरा नुसता मुठीत धरून फेऱ्या मारतात. सात जन्म वगैरे मागत नाहीत. "या जन्मात दर शनिवारी आले तरी पुष्कळ आहे."

या वर्षी वटपौर्णिमेला मी लेक्चरला असताना फोन. तीनदा कट केला तरी परत. शेवटी बाहेर जाऊन उचलला.

"अपूर्वा, कोणीतरी बांधलंय!"

"काय बांधलंय?"

"दोरा! आपल्या झाडाला! माझ्या आधी येऊन!"

संध्याकाळी गेले बघायला. खोडाभोवती गुलाबी प्लास्टिकची फीत, एकच वेढा, पुढे छान गाठ.

"काकू, हा दोरा नाहीये हो."

"मग इथे सुती दोरा कुठे मिळतो? बिचारीने शंभर येनच्या दुकानातून आणली असेल फीत."

"पण गुलाबी?"

"नवीन लग्न झालेलं असेल."

इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी बघितला नव्हता, आणि खरं सांगते, मलाही वाटलंच कोणीतरी आहे. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर त्यांनी विचारलं, झाडाला कोणी बांधलं म्हणून, तर नुसते अंगठे आले. मग त्यांनी सालीचा सगळ्यात सुंदर कागद काढला, त्यावर लिहिलं 'मी अरुणा. जवळच राहते. चहाला या', खाली नंबर, आणि तो फितीत खोचून आल्या. दुसऱ्या दिवशी कागद नव्हता.

झालं! काकूंनी रव्याचे लाडू केले. ठेवणीतले कप काढले. "तू हात लावू नकोस, पाहुणीसाठी आहेत." मी हात लावला, फटका खाल्ला.

फोन आला तेव्हा मी तिथेच होते. नंबर अनोळखी. काकूंनी उचलला आणि एकदम मराठीतच, "हॅलो, हो हो, मीच अरुणा, बोला ना!" मग चेहरा हळूहळू उतरला आणि फोन माझ्याकडे आला.

उएदा-सान म्हणून होते, झाडांचे डॉक्टर, बागेच्या कामावरचे. म्हणाले, कागद पावसात भिजला असता म्हणून काढून ठेवलाय, अक्षर वाचता आलं नाही पण नंबर वाचता आला. आणि मग माफी मागत म्हणाले की ती फीत तोडायच्या झाडांना बांधतात. झाड आतून कुजलंय, वादळात पडेल. पुढच्या आठवड्यात तोडणार.

मी काकूंना सांगितलं. कसं सांगितलं आठवत नाही.

"म्हणजे कोणी नाहीच," त्या म्हणाल्या.

मग, "आणि झाड पण?"

दुसऱ्या दिवशी उएदा-सान बागेत भेटले. काकूंचा विश्वास बसत नव्हता, वर एवढी हिरवीगार पानं! मग त्यांनी खोडाभोवती छोटे सेन्सर लावले. एकावर हातोडीने टकटक करायचं, आवाज लाकडातून दुसरीकडे किती वेळात पोचतो ते कॉम्प्युटर मोजतो आणि आतलं चित्र काढतो.

"मी मारू का? विचार ना त्यांना."

त्यांनी हातोडी दिली. काकू इतक्या हलक्या हाताने मारत होत्या की मशीनला ऐकूच येईना. "मोत्तो, मोत्तो," म्हणजे अजून जोरात, उएदा-सान म्हणत होते. पडद्यावर गोल उमटला. कडेला हिरवी पट्टी, मध्ये सगळं लाल.

काकू बघत राहिल्या. "बाहेरून कळतसुद्धा नाही गं. सगळ्यांना वाटतं बरं चाललंय."

मला रडूच आलं, तिथेच, उएदा-सानसमोर. त्यांनी गडबडून तो सालीचा कागद पुढे केला, परत द्यायला. मग विचारलं, मी ठेवू का? काकू म्हणाल्या, ठेवा, आणि बरोबर आणलेला लाडूंचा डबा उघडला. पाहुणीचे लाडू उएदा-साननी झाडाखाली उभ्याने खाल्ले, दोन.

काकूंना अख्ख्या झाडाचा कागद हवा होता, सलग, पूर्ण गोल. एकट्याने जमत नाही ते, कागद मागून सुटतो. म्हणून एक टोक मी धरलं, एक उएदा-साननी, आणि काकू घासत घासत खोडाभोवती फिरल्या.

झाड तोडलं त्या दिवशी काकू कामावर होत्या. बागेकडे गेल्याच नाहीत.

नंतरच्या रविवारी मी खाली गेले. काका आले नव्हते, पार्थचं दार बंद. खोलीत तो कागद उभा होता, टोकं कपड्यांच्या चिमट्यांनी जोडलेली, झाडाएवढाच गोल. आणि आत काकू बसल्या होत्या. नुसता अंबाडा दिसत होता.

"काकू?"

"ये. दोघी मावतो का बघू."

नाही मावलो. मी पाय टाकला आणि कागद एका बाजूने कलला.

"अगं पडतंय ते! बाहेरूनच धर."

मी बाहेर बसले आणि दोन्ही हातांनी कागद धरला, मिठी मारल्यासारखा. क्रेयॉन सगळा टी-शर्टला लागला. आतून काकूंनी हात टेकवला होता, कागदातून गरम लागत होता. हात दुखायला लागले तरी मी सोडलं नाही.