टेपचं दुसरं टोक

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, नाशिकरोडच्या आमच्या घरमालक काकांचे. आणि फोटो काढण्याआधी शिंप्यासारखं माणसाचं माप घेणारा दुसरा माणूस उभ्या महाराष्ट्रात सापडणार नाही, हेही लगेच सांगून टाकतो.

काकांचा कॅमेरा माझ्या वडिलांपेक्षा वयाने मोठा. त्यात रोल भरायचा, समोरचा माणूस किती लांब आहे ते अंदाजाने ठरवायचं आणि भिंगाभोवतीची कडी त्या आकड्यावर फिरवायची. पण अंदाज हा शब्द काकांना शिवीसारखा लागे. ते खिशातून मोजायची टेप काढत, एक टोक भिंगाशी धरत आणि दुसरं समोरच्याला नाकाशी धरायला लावत. शेजारच्या बारशाला त्यांनी पाळण्यातल्या बाळाच्या नाकापर्यंत टेप नेली. बाळाने ती तोंडात घातली. काका शांतपणे म्हणाले, "चोखू दे, पण हलू देऊ नका." काकू म्हणायच्या, "लग्नात मध्ये अंतरपाट होता म्हणून, नाहीतर यांनी तिथेच माझं माप घेतलं असतं."

भिंगाच्या कडीवर आकडे संपले की आडव्या आठासारखी अनंताची खूण असते. काकांचं अनंत म्हणजे एकलहऱ्याच्या वीज केंद्राची धुराची चिमणी. त्याच वीज केंद्रात त्यांची सगळी नोकरी झाली आणि निवृत्त झाल्यावर ते गच्चीवरून त्याच चिमणीवर कॅमेरा तपासत बसू लागले. मागचं झाकण उघडायचं, रोलच्या जागी दुधी चिकटपट्टी ताणून लावायची, आतली झडप उघडी ठेवायची आणि घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून पट्टीवर उमटलेली उलटी चिमणी बघायची. तिचे लाल-पांढरे पट्टे एकमेकांपासून स्वच्छ सुटे दिसले की फोकस बरोबर. मग काका खाली येऊन ज्या समाधानाने चहा पीत, ते पाहून वाटे की चिमणीच यांनी बांधली आहे.

मी सुरगाण्याकडचा. आमच्याकडे भात आणि नागली पिकते. पदवी तोवर कुणाच्या घरात पिकली नव्हती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी माझे विषय राहिले आणि मी कुणाला न सांगता खोली सोडून गावी निघून गेलो. काही दिवसांनी खच्चून भरलेल्या जीपमधून काका उतरले, गळ्यात कॅमेरा. बाबांना वाटलं, जमीन मोजायला सरकारी माणूस आला. काका ओट्यावर बसले, नागलीची भाकरी खाल्ली आणि म्हणाले, "याला पदवी मिळेल त्या दिवशी तुम्हा तिघांचा फोटो काढायचाय मला. तोवर हा माझ्याकडे राहील."

"आन् नापासच झाला तं?" बाबांनी विचारलं.

"तर फोटो नाही."

आई-बाबांचा एकत्र असा एकही फोटो नव्हता. बाबांनी थोडा विचार केला आणि आईला म्हणाले, "याची पिशवी भर."

मी पास झालो. पण पदवीदान जवळ आलं तेव्हा काकांना भिंगात बुरशी दिसली. एवढ्या मोठ्या फोटोला बुरशी चालायची नाही, म्हणून त्यांनी भिंग खोलून पुसलं. परत बसवताना पुढची काच आट्यांमध्ये जराशी चुकीची बसली. तपासायला गच्चीवर गेले, तर धुक्यात चिमणी दिसेना.

"ऊन पडू द्या, मग बघा," काकू म्हणाल्या.

"उभी नोकरी ती चिमणी बघण्यात गेली. मला ती न बघताही दिसते," म्हणत काकांनी न तपासताच रोल भरला.

कॉलेजच्या आवारात झाडाच्या सावलीत मी काळा झगा घालून मध्ये उभा राहिलो, एका बाजूला बाबा, एका बाजूला आई. टेपचं टोक माझ्या नाकाशी. माप झालं, टेप गुंडाळली गेली, आणि आई सवयीने एक पाऊल मागे सरली. परक्या माणसासमोर ती अशीच उभी राहते.

"वहिनी, पुढे या."

"मी हाय ना हितं. तुम्ही काढा."

काकांनी काढला. फोटो धुऊन आला तेव्हा मी धूसर, झगा धूसर, बाबांची टोपीसुद्धा धूसर. काच चुकल्यामुळे फोकस माझ्या मागे जाऊन पडला होता, आणि तिथे आई उभी होती. तिच्या कपाळावरचं गोंदण, लुगड्याचा काठ, गळ्यातला मणी न् मणी स्वच्छ. काकांना मात्र त्यातलं काही दिसलं नाही. "तुझ्या घरी बसून शब्द दिला होता मी," एवढंच म्हणाले आणि कॅमेरा कपाटात ठेवला, तो ठेवलाच. अजूनही फोनवर विषय काढला की म्हणतात, "आता हात थरथरतात रे." मागून काकूंचा आवाज येतो, "काही थरथरत नाहीत. कालच मला सुईत दोरा ओवून दिला."

फोनवर काका मला बोलू देत नाहीत, म्हणून परवा मी त्यांना पत्र पाठवलं:

"तीर्थरूप काकांना साष्टांग नमस्कार.

तुम्ही बिघडला म्हणता तो फोटो आमच्या घरात दाराजवळ लावलाय. बाबा आल्यागेल्याला सांगतात, 'मधला पोरगा आपला हाय. दिसत नाय, पण हाय.' आईने पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती तो हातात घेऊन कितीतरी वेळ बसली होती. मग मला विचारलं, 'मी अशी दिसते व्हय?' हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.

दिवाळीनंतर आम्ही तिघं येतोय. चिमणीवर चांगलं ऊन असेल तेव्हा काच नीट बसवून ठेवा. रोल मी आणतो. आई याही वेळी मागे सरेल. तिला पुढे बोलावू नका. ती सरून उभी राहिली की मगच टेपचं दुसरं टोक तिच्या हातात द्या. मी पुसट आलो तरी चालेल."